रिम तीच, टायर हिवाळी: माप कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीला १७ इंची अलॉय चाकं आहेत आणि त्यांवर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू हे उन्हाळी टायर आहेत. आता बर्फ पडणाऱ्या भागात गाडी चालवायची आहे. चाकं तीच ठेवून फक्त टायर हिवाळी घ्यायचे आहेत. एक मित्र म्हणतो, बर्फात अरुंद टायर बरा, २०५ मिलिमीटर रुंदीचा घे. दुकानदाराकडे २१५/४५ आर १७ तयार आहेत आणि ते 'आरामात बसतील' असं तो सांगतो. कुणी २०५/५५ आर १७ सुचवलंय, गाडी जरा उंच होईल म्हणून. यातलं कुठलं घ्यावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. गाडीच्या स्टिकरवर २२५/४५ आर १७ असेल तर हिवाळी टायरही त्याच मापाचे घ्या. २०५/५० आर १७ हे माप तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असेल तरच त्याचा विचार करा. २१५/४५ नको आणि २०५/५५ तर अजिबात नको. टायर बसवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. 'बसतो' आणि 'चालतो' यांत किती अंतर असतं ते मी रोज बघतो. मशीनवर घेतलं की जवळपास काहीही बसतं. बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, टक्क करून जागेवर गेली, हवा धरली, की गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या टायरवरचा आकडा बघून माप ठरवू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका गाडीवरच्या टायरचं माप वाचलं, तेच माप मागवलं, चारही बसवले आणि मग ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर पाहिलं. आधीच्या मालकाने केव्हातरी भलतंच माप चढवलेलं होतं आणि मी तीच चूक नव्या टायरवर पुढे चालवली होती. चारही उतरवावे लागले. तेव्हापासून मी आधी दार उघडतो. स्टिकर दाराच्या खांबावर असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, काहींत ग्लोव्ह बॉक्समध्ये. त्यावर कंपनीने मान्य केलेली मापं आणि हवेचे आकडे असतात. पुस्तिकेत यादी याहून मोठी असते आणि हिवाळी टायरसाठी, बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्यांसाठी वेगळी मापंही दिलेली असतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पानावर आहे.

दुसरी गोष्ट चाकाची. टायरवर १७ लिहिलंय म्हणजे रिमचा व्यास १७ इंच, एवढंच कळतं. रिमची रुंदी टायर सांगत नाही, ती चाकावर बघावी लागते. चाक काढा, उलटं ठेवा आणि आऱ्यांच्या मागच्या बाजूला टॉर्च मारा. तिथे ब्रेकची काळी भुकटी साचलेली असते. ओल्या फडक्याने पुसली की उठावदार अक्षरं दिसू लागतात: ७.५ जे × १७ ईटी ४७, किंवा असंच काही. ७.५ ही रिमची इंचांतली रुंदी आणि जे हा कडेचा आकार. ईटी म्हणजे ऑफसेट, चाक आत किती आणि बाहेर किती बसतं त्याचं मिलिमीटरमधलं माप. चाकं तीच ठेवताय म्हणून ऑफसेट, नटांची संख्या, मधल्या भोकाचा व्यास यांत काही बदलत नाही. त्यांची काळजी सोडा. तुम्हाला फक्त रुंदीचा आकडा हवाय.

प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठीच बनलेला असतो. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते ८.५ इंच. २१५/४५ आर १७ साठी ७ ते ८. २०५/५० आर १७ साठी ५.५ ते ७.५. म्हणजे तुमची रिम ७.५ ची निघाली तर २०५/५० अगदी काठावर येतो, आणि ८ ची निघाली तर विषय संपला. या रिमवर २०५ बसवायचा नाही. अरुंद टायर रुंद रिमवर ताणला की त्याच्या बाजूच्या भिंती बाहेरच्या दिशेने तिरक्या होतात, रिमची कड उघडी पडते आणि फुटपाथला पहिला घासा रिमला बसतो. ते एकवेळ सोडा. पण बर्फाखाली लपलेला खड्डा लागला तर अशा ताणलेल्या टायरकडे धक्का जिरवायला जागाच उरत नाही. उलट रुंद टायर अरुंद रिमवर कोंबला तर त्याचं पोट सुटतं आणि वळणावर गाडी उशिरा प्रतिसाद देते.

आता उंचीचा हिशेब. तो कागदावर दोन मिनिटांत होतो आणि प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. २२५/४५ मधला ४५ हा मिलिमीटर नाही, टक्का आहे. भिंतीची उंची म्हणजे २२५ चे ४५ टक्के, १०१.२५ मिलिमीटर. अशा दोन भिंती, वर आणि खाली, मिळून २०२.५. रिमचे १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. एकूण व्यास ६३४.३ मिलिमीटर. हा तुमचा मूळ आकडा.

२०५/५० आर १७ चा व्यास येतो ६३६.८. फरक अडीच मिलिमीटर, म्हणजे ०.४ टक्के. काहीच नाही. नवा आणि थोडा झिजलेला टायर यांच्यात याहून जास्त फरक असतो. म्हणूनच कंपन्या ही दोन मापं अनेकदा जोडीने मान्य करतात. २१५/४५ आर १७ चा व्यास ६२५.३, म्हणजे १.४ टक्के कमी. उंचीच्या दृष्टीने चालण्यासारखा आहे, अडचण दुसरीकडे आहे, त्यावर येतोच. २०५/५५ आर १७ निघतो ६५७.३ मिलिमीटर, तब्बल २३ मिलिमीटर जास्त, ३.६ टक्के. काटा १०० दाखवत असताना गाडी मुळाच्या तुलनेत ३.६ टक्के जास्त वेगाने धावत असेल. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच वेग दाखवतात, त्यामुळे हा फरक कदाचित लक्षातही येणार नाही. पण स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी भरलेली असताना टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागेल. त्या पोकळीत बर्फ चिकटून गोठतो हे विसरू नका. उन्हाळ्यात जी दोन बोटं मोकळी दिसतात, ती बर्फाळ रस्त्यावर तासभर गाडी चालवल्यावर उरत नाहीत. वर ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा चाकाच्या फिरण्यावरूनच हिशेब करतात, त्यांना घेरातला फरक आवडत नाही. ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असा ठोकताळा आहे. हिवाळी टायरसाठी मी मात्र दीड टक्क्याच्या पुढे जात नाही. आणि त्याच्या आतलं मापही पुस्तिकेत असलं तरच.

आता २१५/४५ ची अडचण. मापानंतर जो आकडा असतो, तुमच्या टायरवरचा ९१, तो भाराचा निर्देशांक आहे. लोक तो वाचतच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २१५/४५ आर १७ साध्या बांधणीत सहसा ८७ चा येतो, म्हणजे ५४५ किलो. फरक ७० किलोचा, एका टायरला. तुमच्या गाडीच्या पाटीवर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. समजा एकीकडे तो ११५० किलो आहे. ९१ चे दोन टायर मिळून १२३० पेलतात, ठीक. ८७ चे दोन मिळून १०९०. साठ किलो कमी पडले. रिकाम्या गाडीत हे कधीच जाणवणार नाही. चार माणसं, सामान आणि लांबचा प्रवास असला की जाणवेल, आणि टायरला आधी जाणवेल, तुम्हाला नंतर. त्याच मापात एक्सएल लिहिलेला जाड बांधणीचा टायर ९१ चा मिळतो, पण तो पूर्ण भार पेलण्यासाठी हवाही जास्त मागतो. 'हवा नेहमीचीच भरा' म्हटलं की एक्सएलचा फायदा गेला. दुकानदाराकडे तयार आहेत ते कुठले, हे आधी विचारा. भाराचा आकडा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, कधीच नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर दुप्पट काळजी घ्या, बॅटरीचं वजन फार असतं.

शेवटचं अक्षर वेगाचं. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, व्ही २४०, एच २१०, टी १९०, क्यू १६०. हिवाळी टायर बहुतेक वेळा उन्हाळीपेक्षा खालच्या अक्षरात मिळतात आणि त्यात वावगं काही नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी खालचं अक्षर चालतं, फक्त ड्रायव्हरच्या नजरेसमोर कमाल वेगाची चिकटपट्टी लावावी लागते. भारात तडजोड नाही, वेगात करता येते. एवढं डोक्यात पक्कं असलं तर अर्ध्या चुका टळतात.

आता मित्राच्या म्हणण्याकडे वळू. 'बर्फात अरुंद टायर बरा' हे खोटं नाही, अर्धवट आहे. टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेवर ठरतं. टायर अरुंद केला म्हणून ठसा फारसा लहान होत नाही, तो आडवा कमी आणि लांब जास्त होतो. भुसभुशीत बर्फात किंवा पाणी आणि बर्फाच्या राडीत हा लांबट ठसा नांगरासारखा वाट काढतो आणि रुंद टायर त्यावर तरंगू लागतो. इथे मित्र बरोबर आहे. पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर काम वेगळं चालतं. हिवाळी टायरच्या नक्षीत बर्फ भरून बसतो आणि बर्फाला बर्फच धरतो. नुसत्या रबरापेक्षा ही पकड चांगली असते. काचेसारख्या गोठलेल्या थरावर रबर किती मऊ राहतं आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा किती धारदार आहेत याला महत्त्व. आणि थंड पण मोकळ्या डांबरावर, जिथे बहुतेक जणांचा हिवाळा जातो, मूळ रुंदीचा टायर ब्रेकला सहसा सरस ठरतो. २० मिलिमीटरच्या फरकापेक्षा चांगल्या रबराचा ताजा टायर कितीतरी जास्त देऊन जातो. अरुंद पण सहा वर्षांचा, कडक झालेला टायर घेण्यापेक्षा मूळ मापाचा ताजा टायर मी डोळे झाकून निवडेन. वय बघायला बाजूच्या भिंतीवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा. ३८२४ म्हणजे २०२४ सालचा ३८ वा आठवडा.

पुस्तिकेत अरुंद माप दिलेलं असतं त्याचं खरं कारण बऱ्याचदा साखळी असते. टायरच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनच्या दांड्यामध्ये फार थोडी जागा असते. २२५ च्या टायरवर साखळी चढवली की ती तिथे घासते, कधी ब्रेकची नळी कापते. म्हणून कंपनी लिहिते की साखळी फक्त २०५ वर, आणि तीही अमुक मिलिमीटर जाडीपर्यंतच. तेव्हा तुमच्या वाटेवर साखळी सक्तीचे घाट असतील तर २०५/५० घेण्याला खरा अर्थ आहे, रिमची रुंदी बसत असेल तर. साखळी लागणारच नसेल तर २२५/४५ वर राहा.

हिवाळी टायर म्हणजे नेमका कुठला, हेही बघून घ्या. एम प्लस एस (म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं पुरेशी नाहीत, ती टायर बनवणारा चाचणीशिवाय छापू शकतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. ते बर्फावरची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह धरतात. हिवाळी टायरची गोष्ट १९३४ साली फिनलंडमधल्या नोकिया गावच्या कारखान्यात ट्रकच्या टायरने सुरू झाली, तेव्हा सगळी मदार आडव्या खोल नक्षीवर होती. आज मुख्य काम रबराचं आहे. पारा ७ अंशांच्या आसपास उतरला की उन्हाळी रबर ताठर होऊ लागतं आणि हिवाळी मऊ राहतं. नक्षी मात्र आजही लागतेच. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी मानतच नाहीत, आणि मला तो आकडा अगदी योग्य वाटतो.

घ्यायचे ते चारही. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे म्हणून पुढे दोनच बसवा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि उताराच्या वळणावर ब्रेक लावला की मागचा भाग पुढे यायला बघतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्याच झिजेचे हवेत, नाहीतर मधल्या जोडणीवर सतत ताण राहतो.

चाकं तीच ठेवायचीत म्हणून एक गोष्ट आणखी. वर्षातून दोनदा टायर रिमवरून उतरवायचा आणि चढवायचा, म्हणजे दर वेळी बीडला पट्टीचा मार. दोनतीन हिवाळ्यांचा बेत असेल तर १६ इंची साध्या लोखंडी चाकांचा दुसरा संच विचारात घ्या. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३१.९ येतो, तुमच्या मूळ आकड्याच्या अगदी जवळ. भिंत उंच असल्याने खड्डा सोसतो, आणि मित्राला हवा तो अरुंद टायरही मिळतो, तोही योग्य रुंदीच्या रिमवर. अट एकच, पुढच्या ब्रेकचं कॅलिपर १६ इंची चाकात मावलं पाहिजे, आणि तेही पुस्तिकाच सांगते. टायरमधल्या हवेचे सेन्सर चाकात असतील तर दुसऱ्या संचालाही ते लागतील.

तीच चाकं वापरणार असाल तर टायर बसवताना समोर उभे राहा. जुना टायर निघाला की रिमच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. अॅल्युमिनियमवर पांढरट खरखरीत भुकटी लागली तर रस्त्यावरच्या मिठाने तिथे गंज धरलाय. तारेच्या ब्रशने ती कड साफ करूनच नवा टायर चढवायला सांगा, नाहीतर दर आठवड्याला दोन पौंड हवा जाईल आणि दोष टायरला दिला जाईल. व्हॉल्व्ह नवे लावा. हिवाळी टायरवर बहुधा फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, गाडी दुकानाबाहेर नेण्याआधी चारही बाण पुढे आहेत ना ते स्वतः बघा. उलटे बसवलेले मी पाहिले आहेत.

हवा बाहेरच्या थंडीत मोजा. २० अंशांच्या उबदार कार्यशाळेत ३३ पौंड भरलेली हवा बाहेर उणे १० ला साधारण २८ वर येते. गळती कुठेच नसते, गारठ्याने हवा आकसलेली असते. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजून स्टिकरच्या आकड्यावर आणा. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुस्तिकेतल्या आकड्याने टॉर्क पान्यावर पुन्हा आवळा.

उतरवलेल्या उन्हाळी टायरवर खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहून ठेवा आणि ते अंधाऱ्या, कोरड्या जागी उभे ठेवा. रिमशिवायचे टायर आडवे रचू नका, आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा.